खाली चिखल आहे, मॅडम

सकाळी पावणेअकराला मोबाइलवर मेसेज आला. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया अभिप्राय नोंदवा.’ आणि खाली पाच चांदण्या. किती चांदण्यांइतकं समाधान झालं, ते बोटाने दाबून सांगायचं.

तक्रार कसली, ते आधी सांगते. आमच्या सोसायटीमागे ओढा आहे आणि त्यावर एक छोटा पूल. नकाशात त्याला नाव नाही. आम्ही ‘गिरणीचा पूल’ म्हणतो, कारण पलीकडे पिठाची गिरणी आहे. शाळेच्या व्हॅन, भाजीचे टेम्पो, पाण्याचे टँकर, सगळं त्याच्यावरून जातं. भरलेला टँकर जात असताना पुलावर उभं राहून बघा, तळपायाला कळतं. पुलाच्या पोटाचं काँक्रीट निखळलंय, सळया उघड्या पडल्यात आणि गंजून फुगल्यात. एका बाजूचा कठडा गेल्या पावसाळ्यात गेला. तिथे बांबू बांधून पिवळी-काळी फीत लावली होती. आता फीतही गेली, बांबू आहे. जूनमध्ये फोटो काढून मी तक्रार टाकली. त्याला सात आठवडे झाले.

तर निकाली काढल्याचा पुरावा म्हणून एक फोटो जोडलाय. त्यातल्या पुलाला निळा लोखंडी कठडा आहे. आमच्या पुलाला जन्मात निळा कठडा नव्हता. मागे नारळाचं झाड आहे. आमच्या ओढ्यावर बाभळी आहेत, नारळ औषधालाही नाही.

मी फोन लावला. (कार्यालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ‘आमच्या खात्याची बदनामी’ म्हणून पहिला फोन मलाच येईल.) चार जणांनी एकमेकांकडे फिरवल्यावर एक मुलगा मिळाला, आवाजावरून पंचविशीतला.

“पाहणी झालीये मॅडम.”

“कोणी केली?”

“कन्सल्टंटची माणसं येऊन गेली. व्हिज्युअल इन्स्पेक्शन झालंय.”

“पुलाखाली उतरले होते का?”

जरा शांतता.

“खाली चिखल आहे, मॅडम.”

मी हसले. खरंच हसू आलं. आणि फोन ठेवल्यावर इतकी चिडले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळ खाली लागली, ती वेगळी निकाली काढावी लागली.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, आमचे अण्णा रेल्वेत चावीवाले होते. नव्या मंडळींसाठी सांगते, चावीवाला म्हणजे कीमॅन. पूर्वी रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असायच्या. गाड्यांच्या हादऱ्याने त्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज आपली बीट, म्हणजे त्याला नेमून दिलेला रुळांचा पट्टा, पायी चालायची, खांद्यावर हातोडा, पिशवीत पाना, लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याचे फटाके (रुळावर ठेवले की चाकाखाली वाजतात, ड्रायव्हरला इशारा मिळतो). ढिली चावी दिसली की ठोकायची, रुळाला तडा दिसला की गाडी थांबवायची. अण्णांची बीट बेगडेवाडी-घोरावाडीच्या बाजूची. आम्ही तळेगावला क्वार्टरमध्ये राहायचो. सुट्टीत मी एकदोनदा त्यांच्याबरोबर चालले आहे. घट्ट चावी खणकन वाजते, ढिली बद्द वाजते. अण्णा बघायचे कमी आणि ऐकायचे जास्त.

आमच्या घरात अण्णांची एक गोष्ट कायम सांगितली जाते. मी दुसरी-तिसरीत असेन. पावसाळ्याची रात्र. अण्णा जेवायला बसले होते, दोन घास खाल्ले आणि उठले. “एक तुकडा राहिलाय,” एवढंच म्हणाले. इरलं घेतलं, बॅटरी घेतली आणि गेले. परत आले तेव्हा मी झोपले होते. सकाळी दारात त्यांचे चिखलाने भरलेले बूट होते. बास, एवढीच गोष्ट. त्यांना कोणी बघत नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं, तरी गेले. माझ्या लग्नात मामांनी ही गोष्ट सासरच्यांना सांगितली होती. मी माझ्या मुलाला सांगितली, त्याने दहावीच्या निबंधात लिहिली.

चिखल त्या रात्रीही होता. म्हणून सकाळचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आपल्याकडे पाहणी होत नाही असं कोण म्हणतं? पाहणी भरपूर होते. सावित्रीवरचा महाडचा ब्रिटिश काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन बस आणि इतर गाड्या त्यात गेल्या. त्याचीही त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि वाहतुकीला योग्य म्हणून शेरा होता. मुंबईत सीएसएमटीसमोरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी गर्दीच्या वेळी पडला. त्याचंही स्ट्रक्चरल ऑडिट झालं होतं, किरकोळ दुरुस्ती सुचवून पास! घाटकोपरला पडलेलं होर्डिंग तर १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगी असते ४० बाय ४० ची. त्याला मोजपट्टीसुद्धा नको, मान वर केली तरी दिसतं. १७ माणसं गेली. आणि आपल्या पुण्यात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सिटी पोस्टाच्या आवारात अख्खा ट्रक जमिनीत गेला, तोही महापालिकेचाच. आपण काय केलं? मीम केले. मीही दोन फॉरवर्ड केले, खोटं कशाला बोलू.

आता कोणीतरी लिहीलच की रेल्वेचं एवढं कौतुक करताय, तर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा पडून सिग्नलला थांबलेली चार माणसं गेली, ती जागा कोणाची होती? रेल्वेचीच होती. मीच सांगून टाकते. सांगाडा काढायचं काम चालू होतं आणि खालून वाहतूक तशीच सुरू. म्हणजे अण्णांचं खातं काही सोन्याचं नव्हतं.

आणि लोकांचंही चुकतं, हो. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल पडला, तिथे धोक्याची पाटी होती. रविवार होता, १५ जून २०२५, इंद्रायणीला पाणी आलेलं, पुलावर ही गर्दी, त्यातून दुचाकीही घातलेल्या. चार माणसं गेली, पन्नासहून जास्त जखमी. लोकांना अक्कल नाही असं म्हणायला एक ओळ पुरते, ती मी लिहिली. पण पाटी लावली की पूल तपासल्यासारखं होतं का? पूल धोकादायक आहे हे ठरलं असेल तर तो बंद करायचा. आडवे खांब रोवायचे, दुचाकी जाणार नाही असं करायचं. नवा पूल तर मंजूरही होता म्हणतात. मंजूर! आमच्या गिरणीच्या पुलाचा कठडाही मंजूर आहे. बहुतेक निळाच असेल.

जरा थांबते. चहा ठेवते.

हां. आता जे लिहायचं होतं ते लिहिते. सकाळपासून लिहावं की नाही ते ठरत नव्हतं.

कुंडमळा अण्णांच्या बीटपासून चालत जाण्यासारखा. त्यांना तो जुना पूल माहीत होता. त्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी सुरू होती. अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. ऐकू कमी येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. मी नेहमीप्रमाणे तावातावाने बोलत होते, सह्या ठोकतात नुसत्या, जागेवर जाऊन बघत कोणी नाही, वगैरे. आणि म्हटलं, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत अण्णा, तुम्ही रात्रीचे ताटावरून उठून गेला होतात.

अण्णांनी टीव्ही बंद केला.

“त्या दिवशी मी बीटवर गेलोच नव्हतो,” म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी मी पेरूच्या झाडावरून पडले होते, हात मोडला होता. मला घेऊन ते दवाखान्यात गेले, प्लॅस्टर होईपर्यंत दुपार टळून गेली. निघायच्या आधी मुकादमाला सांगून दुसऱ्याला पाठवायला हवं होतं. नाही सांगितलं. आणि संध्याकाळी कीमॅनच्या डायरीत लिहून टाकलं, ‘बीट पाहिली, ठीक.’ खाली सही.

मला प्लॅस्टर आठवतं. बॅटरी घेऊन गेलेले अण्णाही आठवतात. ही एकाच दिवसाची गोष्ट आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ‘एक तुकडा राहिलाय’ म्हणजे अख्खी बीट राहिली होती.

“मग काय सापडलं रात्री?” मी विचारलं.

“काही नाही. सगळ्या घट्ट.”

“मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही सगळी कौतुकाने सांगत होता,” म्हणाले, “मध्ये कसा बोलू?”

आणि टीव्ही परत लावला.

तेव्हापासून मला त्या खोट्या शेऱ्यावर पूर्वीसारखं छाती काढून बोलता येत नाही. आज सकाळी बोलले त्या मुलावरही नीट चिडता येईना. त्याच्याकडे कदाचित शंभर तक्रारी असतील, वरून ‘पेंडिंग शून्य करा’ असा रेटा असेल. कंत्राटावरही असेल बिचारा. तो स्वतः गेलाच नव्हता आणि जे गेले त्यांची नावं त्याला ठाऊक नाहीत. चिखल आहे हे निदान खरं तरी बोलला.

पण अण्णांच्या घशाखाली घास उतरला नाही, तो का? ते काही संत नव्हते, आत्ताच सांगितलं. डायरीत त्यांची सही होती म्हणून. बीट त्यांची होती. पहाटे तिथे रूळ तुटला असता तर कोणाचा तुटला हे अख्ख्या गँगला, पीडब्ल्यूआय साहेबांना (रुळांवर देखरेख ठेवणारे इन्स्पेक्टर), ट्रॉली ढकलणाऱ्या माणसांनासुद्धा माहीत असतं. आमचा गिरणीचा पूल कोणाची बीट आहे? मी आज चार फोनवर हेच विचारलं. एक म्हणतो पूल खातं, दुसरा म्हणतो पथ, तिसरा म्हणतो ओढा आहे म्हणजे ड्रेनेज, चौथ्याने विचारलं, “तुम्ही कोणत्या पक्षाच्या?”

मला नवं काही नकोय हो. ॲप नको, ड्रोन नको, समिती तर अजिबात नको. रेल्वेच्या डब्याच्या टोकाला कधी बघितलंय? कोणत्या कारखान्यात, कोणत्या तारखेला मोठी दुरुस्ती झाली आणि परत कधी न्यायचा, ते तिथेच रंगवलेलं असतं. फलाटावरून कोणालाही वाचता येतं. तसं पुलावर रंगवा. शेवटची तपासणी कधी, कोणी केली, पुढची कधी. माणसाचं नाव, नुसता हुद्दा नको. हुद्द्याला झोप लागते. आपल्याकडे पुलांवर नावं नसतात असं थोडंच आहे? संगमरवरी पाटी असते, ‘शुभहस्ते’ कोण, ‘प्रमुख उपस्थिती’ कोणाची, खाली सतरा माननीय. उद्घाटनाला सतरा जण आणि तपासायला एकही नाव नाही.

आमचे शेजारी म्हणाले, नाव लिहिलं तर कोणी अधिकारी सहीच करणार नाही. बरोबर आहे त्यांचं. नको करू दे मग! सही नाही म्हणजे पूल बंद. चार दिवस गिरणीला लांबून वळसा घालू, काय बिघडतं? (मलाच सगळ्यात जास्त बिघडतं, भाकरीचं पीठ आठवड्याला लागतं.)

आता शेवटचं. संध्याकाळी पाऊस थांबला तशी मी स्वतःच खाली उतरले. माहेरच्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेतला, दुसरं काय नेणार? साडी नको म्हणून लेकाची ट्रॅक पँट चढवली. चिखल आहे, पोटरीपर्यंत आहे, त्या मुलाचं चुकलं नाही. वॉचमनने वरून विचारलं, “ताई, काय पडलं का?” म्हटलं, अजून नाही. हात पुरेल तिथे खांबावर बत्ता मारला. दोन ठिकाणी टणक वाजलं. तिसऱ्या ठिकाणी बद्द, आणि तळहाताएवढा खपला सुटून पाण्यात पडला. मी इंजिनिअर नाही, त्याचा अर्थ काय ते माझ्या यादीतल्या इंजिनिअर लोकांनी सांगावं. तोपर्यंत मी मुलाला गिरणीकडे त्या पुलावरून जाऊ नको म्हणून सांगितलंय आणि शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनाही.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी कानाला हात लावून दोनदा विचारलं, नक्की कसं वाजलं. मी टेबलावर वाजवून दाखवलं. म्हणाले, “एका बाजूचं वाजवून काय कळतं? पलीकडच्या काठाचा खांब?”

तो राहिलाय.

उद्या सकाळी सातला जातेय. गमबूट कोणाकडे असतील तर सांगा, सात नंबरचे.