कनेक्टर जोडला की स्पेक जुळले? एका फिरत्या मजकुराला उत्तर

कंपनीच्या आवारातल्या सर्व्हरवर जुनं ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर), क्लाउडवर नवा कॅटलॉग किंवा विक्रीचं सॉफ्टवेअर, आणि दोन्हीकडे त्याच मालाचे स्पेक, म्हणजे माप, दाब, तापमान अशी तांत्रिक माहिती. ही दोन टोकं जुळती ठेवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं सांगणारा एक मजकूर सध्या फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या कुणीच रात्री दोन वाजता अडकलेला इंटरफेस सोडवलेला नाही, त्यामुळे राग त्यांच्यावर नाही.

मजकूर थोडक्यात असा: तयार कनेक्टर (दोन सिस्टिम जोडणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि फील्डला फील्ड, म्हणजे रकान्याला रकाना, जोडा. दोन्ही बाजूंनी रिअल-टाइम सिंक ठेवा (इकडचा बदल लगेच तिकडे), टक्कर झालीच तर शेवटचा बदल ग्राह्य धरा. बदलाची वेळ बघून तेवढेच रेकॉर्ड उचला. लॉग (सिंकची नोंदवही) हिरवा असेल तर डेटा जुळला असं समजा. एवढंही नको असेल तर सगळंच क्लाउडवर न्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

कनेक्टरशी माझं वैर नाही. लॉगिन, एन्क्रिप्शन, रिट्राय, क्यू ही सगळी कटकट तो वाचवतो आणि मी स्वतः तेच वापरतो. पण तो नळ आहे. टाकीत काय आहे हे नळाला विचारून कळत नाही.

"फील्डला फील्ड जोडलं की काम झालं"

इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेक गाळ इथेच साचतो.

आधी नंबर घेऊ. एसएपी या ईआरपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीत मटेरियल नंबरला १८ अक्षरांची जागा होती, नव्या एस/४ हानात ती ४० झाली. पडद्यावर ४७११ दिसतो, पण ईसीसीच्या टेबलात तोच पुढे चौदा शून्यं लावून ठेवलेला असतो. कनेक्टर थेट टेबल वाचतो की पडद्यावरचं रूप घेतो, यावर क्लाउडमध्ये त्या मालाचा एक रेकॉर्ड होणार की दोन हे ठरतं. पहिला लोड सीएसव्हीने (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलने) होणार असेल तर आणखी एक पाहुणा येतो. कुणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये 'फक्त बघायला' उघडतं आणि सवयीने सेव्ह करतं. ००४७११ चं ४७११ होतं, १२ई५ चे बारा लाख होतात, ३-१२ ची तारीख होते. याच त्रासाला कंटाळून मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं. आपल्याला ग्राहकांच्या ड्रॉइंगवर छापलेले पार्ट नंबर बदलायची ती सोय नाही.

मग युनिट. एसएपीत 'नग' या युनिटचा आतला कोड एसटी आहे, जर्मन शब्दावरून आलेला. इंग्रजीत लॉगिन केलेल्याला तोच पीसी दिसतो. आयएसओ कोड म्हणून बाहेर पाठवला तर पीसीई जातो. पलीकडची सिस्टिम संयुक्त राष्ट्रांच्या युनिट-यादीवर चालत असेल तर ती एच८७ किंवा सी६२ मागते. एका नगाला पाच नावं झाली. मॅपिंगमध्ये (इकडचं काय तिकडे कशाला जोडायचं या यादीत) यातलं एखादं राहून गेलं तर रेकॉर्ड अडकतो, आपल्याला कळतं, आपण दुरुस्त करतो. घात करतं ते न अडकणारं. दाबाचं मूल्य १० जसंच्या तसं गेलं, युनिट मात्र रिकामं पोचलं आणि पलीकडे डीफॉल्ट पीएसआय हे दाबाचं दुसरंच एकक पडलं. १० बार म्हणजे सुमारे १४५ पीएसआय. पण '१० पीएसआय' बघून कुठलंही व्हॅलिडेशन (आपोआप होणारी तपासणी) ओरडत नाही, कारण १० हा अगदी सभ्य आकडा आहे.

दशांशाची गंमत वेगळीच. क्लासिफिकेशनमधली (मालाच्या वैशिष्ट्यांच्या नोंदीतली) संख्यात्मक वैशिष्ट्यं एसएपी फ्लोटिंग पॉइंट या बायनरी रूपात साठवतं आणि २५.४ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही. १७ अंकांपर्यंत छापला तर २५.३९९९९९९९९९९९९९९ निघतो. कॅटलॉगवर हे दिसलं तर लोक हसतात, ते परवडलं. पण तुलना करणारा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) रोज रात्री त्याच रेकॉर्डना 'बदलले' म्हणून पुन्हा पाठवत बसतो आणि खरे बदल त्या गर्दीत हरवतात. त्यावर सरसकट राउंडिंग केलं की २५.४० चंही २५.४ होतं. ड्रॉइंगवर दशांश स्थळं मोजून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ठरवायची पद्धत जिथे आहे, तिथे ते शेवटचं शून्य शोभेचं नसतं.

मी स्वतः सापडलो ते रिकाम्या जागेच्या प्रकरणात. एका ठिकाणी रबरी सीलची माहिती जुन्या सिस्टिममधून क्लाउड कॅटलॉगला जायची. फील्ड होतं 'किमान तापमान'. जुन्या टेबलात त्या फील्डला 'माहीत नाही' असं म्हणायची सोयच नव्हती. काही भरलं नाही की शून्य. त्यांच्या पडद्यावर शून्य असलं तर जागा कोरी दिसायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला खटकलं नव्हतं. कनेक्टरने इमानेइतबारे शून्य उचललं आणि कॅटलॉगने छापलं: किमान तापमान ० अंश सेल्सिअस. उणे वीसला चालणारं सील शोधणाऱ्याने फिल्टर लावला की हा सगळा माल यादीतून गायब. एरर आली नाही आणि तक्रारही आली नाही. जो माल दिसलाच नाही त्याची तक्रार कोण करणार? ध्यानात आलं तेव्हा कुणीतरी मॅपिंगमध्ये एक ओळ घातली, 'शून्य असेल तर पाठवू नये'. त्यानंतर ज्या सीलचं किमान तापमान खरोखरच शून्य होतं, त्यांची जागाही कोरी झाली. ती ओळ घालणारा मीच होतो.

"दोन्ही बाजूंनी रिअल-टाइम, आणि शेवटचा बदल जिंकणार"

समजा दहा वाजून दोन मिनिटांनी इंजिनीअरने ईआरपीत व्हॉल्व्हचा कमाल दाब १६ वरून १० बार केला. क्लाउडवर मार्केटिंगच्या माणसाने तोच व्हॉल्व्ह पावणेदहालाच उघडून ठेवला होता. दहा-पाचला त्याने वर्णनातला एक शब्द सुधारला आणि सेव्ह दाबलं. त्याच्या पडद्यावर दाब अजून १६ होता आणि सेव्ह झाला तो अख्खा रेकॉर्ड. शेवटचा बदल त्याचा, म्हणजे १६ बार जिंकले. सिंक दुहेरी असल्यामुळे ते ईआरपीतही परत गेले. दोन्हीकडचा डेटा तंतोतंत जुळतो, आणि दोन्हीकडे चूक आहे.

वर 'शेवटचा' कोणता हे ठरवायचं तर दोन मशीनची घड्याळं एक हवीत. वेगवेगळ्या मशीनवरच्या घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळावर सोपवता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडलं आहे. व्यवहारात उपाय मात्र साधा आहे. प्रत्येक फील्डला एकच मालक. दाब, तापमान, मटेरियल ग्रेड ही ईआरपी किंवा पीएलएमची (डिझाइनच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची), क्लाउडमध्ये ती फक्त वाचायची. वर्णन, फोटो, शोधशब्द क्लाउडचे. पाठवायची ती बदललेली फील्ड, पूर्ण रेकॉर्ड नाही. आणि एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायचं दार) ई-टॅग, म्हणजे रेकॉर्डच्या आवृत्तीची खूण, देत असेल तर तो वापरायचा, म्हणजे शिळ्या प्रतीवरून सेव्ह करणाऱ्याला एचटीटीपी ४१२ असा नकार मिळेल, त्याला नव्याने उघडावं लागेल. थोडा वैताग होतो, होऊ दे.

रिअल-टाइमचा आग्रह तर स्पेकच्या बाबतीत मला कधीच पटला नाही. साठा आणि किंमत मिनिटाला बदलते, तिथे घाई हवी. स्पेक बदलतो तो इंजिनीअरिंग चेंज नोटमधून, आणि त्या नोटवर लागू होण्याची तारीख असते. आज मंजूर झालेलं रिव्हिजन सी पुढच्या महिन्यापासून बनणार, गोदामात अजून बी पडलेलं. सेकंदात सिंक झालं तर कॅटलॉग सी दाखवणार आणि ग्राहकाच्या हातात बी पडणार. इथे प्रश्न वेगाचा नाही. कोणतं रिव्हिजन कोणत्या तारखेपासून खरं, ही माहिती सोबत गेली पाहिजे, आणि 'रिलीज' हा टप्पा ओलांडल्याशिवाय काहीच जाता कामा नये.

"बदलाची वेळ बघा आणि तेवढंच उचला"

एका मोठ्या ट्रान्झॅक्शनने रेकॉर्डवर १०:०० ची वेळ घातली, पण कमिट झालं, म्हणजे बदल पक्का होऊन इतरांना दिसू लागला, १०:०४ ला. मधेच १०:०२ ला जॉब धावला. त्याला तो रेकॉर्ड दिसलाच नाही, आणि पुढचा जॉब १०:०२ नंतरचंच बघतो. तो बदल कधीच जाणार नाही. डिलीट झालेल्या ओळीला तर बदलाची वेळच उरत नाही, कारण ओळच नाही. वैशिष्ट्यांची मूल्यं वेगळ्या टेबलात असली तर तिथे बदल होतो आणि मुख्य रेकॉर्डची तारीख ढिम्म हलत नाही. वेळ स्थानिक ठेवली असेल आणि घड्याळ वर्षातून एकदा तासभर मागे जात असेल, तर तो तास दोनदा येतो.

डेटाबेसच्या लॉगवरून बदल पकडणं यापेक्षा खूप भरवशाचं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ही सोय २००८ च्या आवृत्तीपासून आहे. एसएपीत आयडॉकसाठी (डेटा पाठवायच्या ठरावीक साच्यातल्या संदेशासाठी) चेंज पॉइंटर, म्हणजे बदलाच्या खुणा, असतात, पण तेही यादीत नोंदवलेल्या फील्डपुरतेच. नवं फील्ड वाढवलं आणि यादीत टाकायचं राहिलं, तर त्याचा बदल कुणाला कळत नाही. टाइमस्टॅम्पशिवाय (बदलाच्या वेळेशिवाय) गत्यंतरच नसेल तर दर वेळी थोडं मागे जाऊन वाचायचं आणि तेच रेकॉर्ड दुसऱ्यांदा आले तरी बिघडणार नाही अशी व्यवस्था पलीकडे करायची.

"लॉग हिरवा म्हणजे डेटा जुळला"

आयडॉकचं स्टेटस ०३ म्हणजे संदेश पोर्टच्या (बाहेर जायच्या दाराच्या) हवाली केला, बस. पलीकडच्या ॲप्लिकेशनमध्ये खरोखर पोस्ट झाला की तिकडे ५३ येतं, फसला तर ५१. पाठवणाऱ्याचा पडदा दोन्ही वेळा हिरवाच असतो. क्लाउडच्या एपीआयचंही तेच. २०२ म्हणजे 'विनंती घेतली', काम झालं असं त्यात कुठेही नाही. बॅचमध्ये पाठवलं असेल तर बाहेरचं पाकीट यशस्वी आणि आतल्या पन्नासातले चार रेकॉर्ड नापास, हे नेहमीचं आहे.

म्हणून जुळणी वेगळी करावी लागते, सिंकच्या वाटेने न जाता. आधी दोन्हीकडची संख्या. मग मोजकी, चुकली तर महागात पडणारी फील्ड ठरलेल्या रूपात आणून, म्हणजे युनिट एक, दशांश ठरलेले, शून्य आणि कोरं वेगळं असं करून, त्यांची तुलना. जो प्रोग्रॅम डेटा पाठवतो त्याच्याच मॅपिंगने तपासणी केली तर चूक स्वतःलाच पास करते. हे मी दोनदा पाहिलंय.

"सगळंच क्लाउडवर न्या, प्रश्न मिटला"

शॉप फ्लोअरवरचं मशीन, लॅबचं उपकरण, लेबल छापणारा प्रिंटर जागचे हलत नाहीत, हे सोडून देऊ. क्लाउड ईआरपी आणि क्लाउड कॅटलॉग या तरीही दोन सिस्टिम्सच आहेत, आणि वरचं सगळं त्यांनाही लागू आहे.

त्या सीलवाल्यांनी पुढे ईआरपीही क्लाउडवर नेलं. नव्या टेबलात 'माहीत नाही' म्हणायची सोय होती. पण डेटा जुन्यातून आला तो शून्यं घेऊनच, आणि त्यातलं खरं शून्य कोणतं, न भरलेलं कोणतं, हे ना कनेक्टर सांगू शकला ना मायग्रेशन टूल. शेवटी क्वालिटीच्या माणसाने पुरवठादारांच्या जुन्या कागदी सर्टिफिकेटांच्या फायली कपाटातून काढल्या आणि एकेक सील बघत बसला. मी त्याच्या शेजारी बसून, तो म्हणेल ते टाइप करत होतो.