लाईन लागते ती बायका आत वेळ काढतात म्हणून नाही

सध्या सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. विमानतळावर आणि स्टेशनवर बायकांच्या टॉयलेटबाहेर लाईन लागते कारण बायका आत मेकअप करत बसतात, जागा तर दोघांना सारखीच दिलेली असते, दिवसभराचा हिशोब काढला तर टॉयलेट पुरेशी आहेत आणि आणखी बांधणं म्हणजे पैशाची नासाडी. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी "जागा सारखी". अहो, चौरस फूट सारखे दिले म्हणजे सोय सारखी होत नाही. युरिनलला दार नाही, कडी नाही, जागा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच जागेत पुरुषांची सोय साधारण 20 ते 30 टक्के जास्त बसते. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली हे मांडलंय, आणि वेळ धरलाय पुरुषाला साधारण एक मिनिट, बाईला दीड. आता तुम्हीच गुणाकार करा, बायकांकडे 10 आणि पुरुषांकडे 12 असतील तर मिनिटाला पुरुष 12 मोकळे होतात आणि बायका साडेसहाच्या आसपास. लाईन इथेच तयार झाली, मेकअपचा संबंधच नाही.

आणि आरसा बाहेर असतो हो, लाईन असते ती आतल्या संडासासाठी. आत वेळ जातो तो साडी सावरण्यात, नाडी सोडण्यात, पॅड बदलण्यात, सोबतच्या लहान मुलाला आधी बसवण्यात. दाराला हुक नसला की पर्स गळ्यात अडकवायची, दार आतल्या बाजूला उघडत असलं की ट्रॉली बॅग आत मावत नाही, मग एकटी बाई बॅग कोणाच्या भरवशावर ठेवणार? हा वेळ नकाशा काढणाऱ्याने वाढवलाय.

आता दिवसभराचा हिशोब, यात तर सगळ्यात मोठी गफलत आहे. 6 संडास, दीड मिनिट प्रत्येकी, म्हणजे तासाला 240 बायका, कागदावर भरपूर वाटतं. पण प्रवासी तासभर थोडे थोडे येत नाहीत, विमान उतरलं की सगळे एकदम येतात, लांबची गाडी लागली की तसंच. एकदम 40 बायका आल्या तर शेवटच्यांचा नंबर लागायला 9 मिनिटं, आणि त्यात सफाईसाठी अर्धे बंद असले तर दुप्पट. म्हणून मोजायची ती गर्दीची दहा मिनिटं, आणि एक मोठा ब्लॉक बांधण्यापेक्षा दोन लहान बांधायचे, एक धुवायला घेतला तरी दुसरा चालू राहतो.

राहिला पैसा. चर्चगेट-डहाणू लोकल सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाते, गाडीत टॉयलेट नाही, त्यामुळे स्टेशनवरचं टॉयलेट हाच एकमेव आधार, आणि तिथे सोय नीट नसेल म्हणून कितीतरी बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात, मग इन्फेक्शन होतं, तो खर्च कोणत्या हिशोबात धरलाय? पुरुषांना युरिनल फुकट आणि बायकांकडून पैसे, याच्याविरोधात मुंबईत 2011 पासून राईट टू पी चळवळ चाललीये. न्यूयॉर्क शहराने तर 2005 मध्येच थिएटर, स्टेडियमसारख्या नव्या जागांसाठी पुरुषांच्या एकाला बायकांचे दोन असा कायदा केला. आपल्याकडे निदान नवीन स्टेशन आणि टर्मिनलच्या नकाशात तरी हे प्रमाण आत्ताच घाला, कारण एकदा पाईपलाईन पडली की भिंती फोडून वाढवायला कोणी तयार होत नाही.