दुपारचे ऊन, पूर्ण प्रेशर आणि एकच जाड हात: एका संदेशाचा प्रतिवाद

जळगाव-धुळ्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांत सध्या एक संदेश फिरतो आहे. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा गाडी भर दुपारी उघड्यावर रंगवावी, कंप्रेसरचे प्रेशर पूर्ण ठेवावे, गन जवळ धरून एकच जाड हात द्यावा, प्रायमर आणि रंग एकाच नोझलने मारावेत आणि मध्ये थांबू नये, कारण ऊन सगळे वाळवून देते, असे त्याचे म्हणणे आहे.

ऊन वाळवते ती वरची साय. हात टेकवत नाही इतक्या तापलेल्या पत्र्यावर जाड थर पडला की त्याचा पृष्ठभाग लगेच धरतो, खालचा थिनर आत कोंडतो आणि बाहेर पडताना ती साय फोडतो. एकदा घाईपोटी मीही काळ्या बोनेटवर असाच जाड हात दिला होता. दुपारी ते आरशासारखे दिसत होते, पण संध्याकाळच्या तिरप्या उजेडात सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली आणि ते पुन्हा प्रायमरपर्यंत घासावे लागले. म्हणून सकाळी सावलीत, पत्रा थंड असताना, सावकाश उडणारा थिनर वापरून पातळ दोन-तीन हात द्यावेत. दोन हातांमध्ये किती थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते, बहुधा 5 ते 10 मिनिटे. मास्किंगच्या कागदावर उडालेल्या रंगाला बोट लावून पाहावे, पाकासारखी तार सुटत असेल तर थांबावे.

प्रेशर वाढवल्याने फवारा बारीक होतो, हे खरे. मात्र एचव्हीएलपी गनच्या, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबाने रंग फवारणाऱ्या गनच्या, एअर कॅपपाशी (हवा बाहेर पडते त्या तोंडाच्या टोपणापाशी) दाब 10 पीएसआयच्या आत राहावा अशीच तिची रचना असते, आणि त्यासाठी बहुतेक गनना मुठीपाशी, ट्रिगर दाबलेला असताना, 25 ते 30 पीएसआय पुरतो. (कंप्रेसरवरचा काटा पाहून उपयोग नाही, लांब पाइपात दाब उतरतो.) त्याहून जास्त दाब दिला तर रंग हवेत उडतो, आणि आपल्याकडच्या झळांत बारीक थेंब वाटेतच सुकून पत्र्यावर खरखरीत पडतात. दाब फारच कमी असेल तर रंगावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उमटतो, हेही तितकेच खरे.

गन जवळ धरली की ओघळ येतात. अशा गनला 15 ते 20 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर अंतर ठेवावे आणि मनगटाने झाडू मारल्यासारखी न फिरवता पत्र्याला समांतर न्यावी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

नोझलचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. भराव प्रायमरला साधारण 1.6 ते 2.0 मिलिमीटर, रंगाला आणि क्लिअरला (वरच्या पारदर्शक थराला) 1.2 ते 1.4 मिलिमीटर नोझल लागते. लहान नोझलमधून प्रायमर काढण्यासाठी जादा थिनर ओतला, तर प्रायमर पुढे आक्रसतो आणि पॉलिश पेपरच्या रेघा रंगातून वर दिसू लागतात.

उघड्यावर काळ्या मातीची धूळ ओल्या रंगात बसते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तोंडाला रुमाल बांधण्याबद्दल मात्र बोलायलाच हवे. टू-के म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या रंगाच्या हार्डनरमधल्या (रंग कडक करणाऱ्या भागातल्या) आयसोसायनेट या रसायनाची वाफ रुमाल अडवत नाही, आणि त्यातून दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा.

उष्णतेने हार्डनर लवकर काम करतो, एवढे संदेशात खरे आहे. पण तिचा उपयोग शेवटच्या हातातला थिनर उडून गेल्यानंतर होतो, आधी नाही.