‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे वेळ आणि पैसा वाया’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या डिग्रीच्या नादी लागू नका. ज्यांना खेळता येत नाही त्यांची ती सोय आहे. पैसा फक्त क्रिकेटमध्ये, आणि तिथे वशिल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. स्पर्धा भरवायला डिग्री लागत नाही, आपली मंडळं वर्षानुवर्षं भरवतच आली आहेत. मॅनेजमेंटच शिकायचं तर सरळ एमबीए करा.’ शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’.

तो पोचतो, आणि एखाद्या मुलीचा भरलेला अर्ज घरातच राहतो. म्हणून हे उत्तर. मेसेजमधलं काही खरंही आहे, तेही पुढे सांगतो.

सगळ्यात आधी मंडळांचा मुद्दा घेतो, कारण तो ऐकायला सगळ्यात पटणारा आहे आणि सगळ्यात घातकही. महाराष्ट्रात कबड्डी आणि खो-खो जगले ते मंडळांमुळे आणि तालमींमुळे, याबद्दल दुमत नाही. वर्गणी काढायची, मैदान आखायचं, पंचांची जेवणाची सोय बघायची, रात्री उशिरापर्यंत सामने खेळवून चषक द्यायचा; हे कोणा विद्यापीठाने शिकवलेलं नाही. पण पाचशे-हजार ओळखीच्या माणसांत जे निभावून जातं, ते दहा हजार अनोळखी माणसांत निभावत नाही. २२ मार्च २०२१ रोजी तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनियर कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली. शंभरहून जास्त माणसं जखमी झाली. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत, तिथल्या संघाने आयपीएल जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. स्टेडियमची क्षमता सुमारे ३५ हजार, बाहेर जमलेली गर्दी लाखांच्या घरात. प्रवेश मोफत की पासवर, हेच लोकांना धड कळलेलं नव्हतं.

अशा घटनेनंतर ‘गर्दी अनावर झाली’ असं म्हणून आपण मोकळे होतो. गर्दीचं गणित मांडता येतं, आणि या अभ्यासक्रमात ते शिकवतात. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी ‘ग्रीन गाइड’ म्हणून ओळखली जाणारी मार्गदर्शिका आहे. तिच्या हिशेबाने एका टर्नस्टाइलमधून, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून, तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं आत जातात असं धरायचं. आता एका स्टँडमध्ये १० हजार प्रेक्षक बसणार आहेत आणि ते सगळे सामन्याआधीच्या एका तासात येणार आहेत असं समजा. १५ फाटकांतून ९,९०० जण आत जातील, शंभर जण बाहेर राहतील. म्हणजे १६ फाटकं हवीत. तुमच्याकडे आठच असतील तर दारं दोन तास आधी उघडायची आणि लोकांनी लवकर यावं म्हणून आत काहीतरी कार्यक्रम ठेवायचा. बाहेर पडण्याचा हिशेब वेगळा. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, पायऱ्यांवर ६६, आणि स्टँड रिकामा व्हायला फार तर ८ मिनिटं. त्याच १० हजारांसाठी सपाट वाटा असतील तर एकूण सव्वापंधरा मीटर रुंदी लागते, जिने असतील तर जवळपास १९ मीटर. हे आकडे न मांडता तिकिटं छापणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी लोकांच्या जिवाशी खेळतो.

हे आकडे ब्रिटनला सुखासुखी मिळाले नाहीत. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपून लोक बाहेर पडताना जिन्यावर ६६ जण दगावले. १९७५ मध्ये मैदानांच्या सुरक्षेचा कायदा आला. तरीही १९८९ मध्ये शेफील्डला हिल्सबरो मैदानावर जी चेंगराचेंगरी झाली तिच्या बळींची संख्या अखेर ९७ वर गेली. त्यानंतरच्या चौकशी अहवालाने मोठ्या मैदानांवर उभ्याने सामना बघण्याचे स्टँड बंद करायला लावले. अनुभवानेच सगळं शिकता येतं असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: हा अनुभव आपण पुन्हा आपल्या मुलांच्या जिवावर घ्यायचा का?

‘ज्यांना खेळता येत नाही त्यांची सोय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ते इतिहासालाही धरून नाही. हा विषय विद्यापीठात आणायची कल्पना बेसबॉलच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ मध्ये प्राध्यापक जेम्स मेसन यांच्याकडे मांडली. क्लब चालवायला शिकलेली माणसं मिळत नाहीत, ही त्यांची अडचण होती. १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे मागणी मैदानाकडून आली, विद्यापीठाने नंतर वर्ग उघडला. मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला आणि दक्षिण कोरियाचं कर्णधारपद भूषवलेला पार्क जी-सुंग निवृत्तीनंतर वर्गात जाऊन बसला आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नावाचा ‘फिफा मास्टर’ हा क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला. इंग्लंडमधलं लेस्टर, इटलीतलं मिलान आणि स्वित्झर्लंडमधलं न्यूशाटेल अशा तीन शहरांत तो शिकवला जातो. आपल्याकडचं उदाहरण तर मुंबईचंच. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी संस्था उभी केली. पार्क आणि कुलकर्णी, यांपैकी कोणाला खेळता येत नव्हतं?

आणि समजा, एखाद्याला खरंच खेळता येत नाही. मग काय बिघडलं? कबड्डीत एका संघाचे सात जण मॅटवर उतरतात. त्यांच्यासाठी मॅट अंथरणारे, सांध्यांवर टेप लावणारे, रुग्णवाहिका कुठल्या दाराशी उभी राहील हे ठरवणारे, खेळाडूंचे करार वाचणारे, उत्तेजक चाचणीसाठी वेगळी खोली राखून ठेवणारे लोक त्याहून कितीतरी जास्त असतात. त्यांच्यातला एक जरी चुकला तरी सामना थांबतो.

क्रिकेटचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. दुसरा कुठलाही भारतीय खेळ या रकमेच्या आसपासही नाही. पण ‘फक्त’ हा शब्द चुकीचा. २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाखांची बोली लागली. कबड्डी तर आधीपासूनच होती. बदललं ते तिचं वेळापत्रक, कॅमेऱ्याला सोयीचा मांडलेला खेळ, शहरांच्या नावाचे संघ, प्रायोजक. हे सगळं कोणीतरी बसून आखलं होतं. खो-खोची लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारतीय संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आता या खेळाला वर्षभर उभं ठेवायचं तर व्यवस्थापनाची माणसं लागणार आहेत, आणि ती मराठी मुलांमधून का येऊ नयेत, हे मला कळत नाही.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते या विषयाचा निम्मा जीव तिथे आहे. अभ्यासक्रमाच्या नावात बऱ्याच विद्यापीठांत क्रीडेबरोबर ‘रिक्रिएशन’ असतं. म्हणजे तुमचा-आमचा मोकळा वेळ: पालिकेचा जलतरण तलाव, बाग, सायकल ट्रॅक, ट्रेक, समुद्रकिनारा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर लोक अडकून पडले, ना वर सरकता येईना ना खाली. ज्यांनी लोहगड पाहिलाय त्यांना त्या एकामागोमाग एक येणाऱ्या दरवाजांची वाट माहीत आहे. गडावर एका वेळी किती माणसं सामावतील, किती वाजता वाट बंद करायची, पायथ्याशी गाड्या किती मोजून सोडायच्या, हे कोणीतरी ठरवायला हवं. आपण बहुतेक वेळा जमावबंदीचा फलक लावतो आणि पोलिसांच्या गळ्यात काम घालतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, जमीन, पाणी आणि हवेतल्या उपक्रमांसाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घातल्या. त्या अटी कागदावरून डोंगरावर उतरवायला त्यात तयार झालेली माणसं पाहिजेत. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा आहे. पर्यटक किती येतात यासोबत किती सुखरूप परत जातात हेही कोणाचं तरी काम आहे, हे तिथे मान्य झालं.

साधा पोहण्याचा तलाव घ्या. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखायचा, मोकळ्या क्लोरीनचं प्रमाण दिवसातून अनेकदा तपासून वहीत लिहायचं, बॅच बदलताना जीवरक्षकांची पाळी मोकळी पडू द्यायची नाही. ही वही कोरी असेल किंवा संध्याकाळी एकदम बसून भरलेली असेल, तर त्या तलावात मुलाला पाठवू नका. तालुक्याच्या ठिकाणी क्रीडा संकुल बांधून होतं, उद्घाटन होतं, आणि काही वर्षांत धावपट्टीवर गवत आणि दाराला कुलूप, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. बांधकामाला पैसा मिळाला, पण चालवायला माणूस नेमला नाही.

वशिला चालतो. नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या अनेक क्रीडा संघटना वर्षानुवर्षं त्याच घरांत राहिल्या. पण त्याची किंमत कोणी मोजली? ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. २०२३ मध्ये कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये अंतिम पंघालने बेलग्रेडला जागतिक कांस्यपदक जिंकलं ते तिरंग्याखाली नव्हे, तटस्थ ध्वजाखाली. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ, लवाद आणि खेळाडूंच्या समित्यांची तरतूद आहे. नियम पाळायचे तर नियम वाचता येणारी, हिशेब ठेवणारी, निवडणूक आणि निवड प्रक्रिया लेखी ठेवणारी माणसं संघटनांना घ्यावी लागतील. वशिला एका कायद्याने संपणार नाही. पण वशिला आहे म्हणून शिकलेल्या मुलांनी बाहेर राहायचं, यात वशिलेबाजांचाच फायदा आहे.

‘मग सरळ एमबीए करा’. जाहिरात विकायची असेल, प्रायोजक मिळवायचे असतील, तर साधं एमबीए चालतं, कित्येक जण तसेच या क्षेत्रात आलेत. इथे मेसेजशी माझं भांडण नाही. पण २०१६ चा दुष्काळ आठवा. खेळपट्ट्यांना पाणी घालण्यावरून याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूत झाला. मैदानाला पाणी किती, ते कुठलं, सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का, सामना हलला तर तिकीटधारक, प्रक्षेपक आणि हॉटेलांशी झालेल्या करारांचं काय, हे प्रश्न एमबीएच्या सर्वसाधारण वर्गात येत नाहीत.

आता मेसेजमधली खरी भीती: पैसा. सुरुवातीचा पगार बहुतेकदा कमी असतो. कामं कंत्राटी आणि हंगामी. लोक सुट्टी घेतात त्या दिवशी तुमचं काम असतं, आणि प्रेक्षक घरी पोचून झोपले तरी तुम्ही मैदानावरच असता. काही खासगी संस्थांची फी या पगाराशी अजिबात जुळत नाही, आणि कर्ज काढून तिथे जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. आणखी एक घोळ बऱ्याच घरांत होतो. शाळेत पीटीचे शिक्षक व्हायचं असेल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागतं. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा बघा. सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण खेळाडूंसाठी आहे, ते या डिग्रीने मिळत नाही. हे तिन्ही रस्ते वेगळे आहेत आणि प्रवेश घेण्याआधीच मुलांना ते सांगायला हवेत.

म्हणून माहितीपुस्तिकेतल्या स्टेडियमच्या फोटोंवर जाऊ नका, कॉलेजात जाऊन विचारा. डिग्री देणारं विद्यापीठ कोणतं, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत त्याचं नाव आहे का? कायदा, हिशेब आणि गर्दी-सुरक्षा हे विषय कोण शिकवतं, त्यांनी स्वतः कधी मैदान किंवा स्पर्धा चालवली आहे का? मुलं सुट्टीत प्रत्यक्ष कोणत्या ठिकाणी काम करतात, की फुकटचे स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या बाटल्या वाटतात? आणि दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांचे नंबर मागा. ते द्यायला खळखळ झाली तर दुसरं कॉलेज बघा.