‘शुद्ध जवारी’च्या खुणा आणि आमच्या परसातल्या कोंबड्या

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे बेळगावचे, एक निपाणीचा आणि एक आमच्या घरातलाच. मेसेज थोडक्यात असा: खरी जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी ही एक शुद्ध जात आहे. तिचे पाय पिवळे, तुरा एकेरी, पिसं तांबूस आणि मान पिसांनी भरलेली असते. या खुणा नसतील ती कोंबडी भेसळीची, ती काढून टाका. तपकिरी अंडंच खरं. गिरिराज आणि स्वर्णधारा या संकरित कोंबड्या म्हणजे इंजेक्शनवर वाढवलेली बॉयलर. पाळायचीच तर कडकनाथ पाळा. आणि शुद्ध जातीला रोग होत नाही, तेव्हा लसीची गरज नाही.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात राहते. पंधरा-वीस कोंबड्या परसात कायम असतात. मेसेज वाचून सोडून दिला असता, पण मागच्या आठवड्यात शेजारची मावशी डालग्यात तिची बोडक्या मानेची कोंबडी घालून बाजाराला निघालेली दिसली. विचारलं तर म्हणाली, “पोरगा म्हणालाय ही शुद्ध नव्हं. सोडून येतो की बाजारात.” याच कोंबडीने गेल्या वर्षी दोनदा खुडूक बसून पिल्लं काढली. दुसऱ्या वेळी अकरातली नऊ जगवली, तीही घारीच्या दिवसांत. ती मोबाईलवरच्या चार ओळींमुळे सुरीखाली जाणार होती. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘जवारी’ या शब्दाचंच बघू. आपल्याकडे काकडी जवारी असते, लसूण जवारी असतो, मका जवारी असतो. जवारी म्हणजे इथलं, आपल्या मातीतलं. ते जातीचं नाव नव्हे. देशातल्या कोंबड्यांच्या जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था ठेवते. त्या यादीत असील आहे, कडकनाथ आहे, नवापूरकडची बुसरा आहे, कर्नाटक-आंध्रातली घागस आहे. जवारी नाही. ज्या जातीची नोंदच नाही तिच्या पक्क्या खुणा सांगणाऱ्याने त्या स्वतःच ठरवल्या आहेत, दुसरं काय?

आमच्या गल्लीतल्या कोंबड्या बघितल्या तर एक काळी, एक राखाडी ठिपक्यांची, एक पांढरी, एकीच्या डोक्यावर शेंडी. सगळ्यांच्या आज्या-पणज्या इथल्याच उकिरड्यावर चरल्या. त्यांची निवड रंग बघून कुणी केली नाही. जी मुंगसाला चुकवते, कोंड्यावर आणि किड्यांवर भागवते, पावसाळ्यात तग धरते आणि पिल्लं जगवते, तीच मागे राहिली.

पिसांचा रंग, तुऱ्याची घडण, पायांची बोटं यांचे लेखी निकष असतात, ते खोटं नाही. पण ते आले कुठून? इंग्लंडमध्ये 1865 साली आणि अमेरिकेत 1874 साली अशी पुस्तकं छापली गेली, ती प्रदर्शनात कोंबड्यांना गुण देण्यासाठी. तो एक सुंदर छंद आहे, आणि त्या लोकांनी कितीतरी जुन्या जाती टिकवल्या हे मी मनापासून मानते. पण परीक्षकाच्या टेबलावर कोंबडी अंडी किती देते, पिल्लं किती जगवते हे दिसत नाही. तिथे दिसतो फक्त देह आणि पिसारा.

माझ्या भाच्याने बेळगावातून ब्रह्मा जातीची जोडी आणली होती. काय रुबाब! पायाच्या बोटांपर्यंत पिसं, आणि निकषाप्रमाणे ती तशीच हवीत. जूनअखेर आमच्याकडे पाऊस लागला. परसातला लाल चिखल त्या पिसांना लागून सुपारीएवढे गोळे झाले. रोज संध्याकाळी मी पाय कोमट पाण्यात धरून ते सोडवायची, तोवर गावठी कोंबड्या नुसते पाय झटकून खुराड्यात गेलेल्या असायच्या. ब्रह्मा वाईट नाही. खानापूरचा पाऊस तिच्यासाठी नाही. सिल्की जातीचंही तेच. तिची लोकरीसारखी पिसं पाणी झटकत नाहीत, भिजली की ती काकडते.

आता ती बोडकी मान, जिला मेसेजवाल्याने पहिली भेसळ ठरवलं. ही मान एका जनुकामुळे येते. त्याने मानेवरची पिसं जातातच, अंगावरचीही बरीच कमी होतात आणि उष्णता लवकर बाहेर पडते. उन्हाळ्यात अशा कोंबड्या भरल्या पिसांच्या कोंबड्यांपेक्षा बऱ्या राहतात, हे गरम प्रदेशातल्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अथणी-रायबागकडे एप्रिलमध्ये चोची उघड्या टाकून धापा टाकणाऱ्या कोंबड्या ज्यांनी बघितल्या असतील त्यांना याचं मोल सांगायला नको. आणि निकषाचाच आग्रह असेल तर अमेरिकेच्या त्याच पुस्तकात बोडक्या मानेच्या जातीला 1965 साली जागा मिळाली आहे.

रंग बघून कोंबड्या काढण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. मेसेजमधल्या खुणांचा एकच देखणा कोंबडा ठेवला, त्याच्याच तलंगा मोठ्या करून पुन्हा त्यालाच लावल्या, की दोन-तीन पिढ्यांत अंडी वांझ निघू लागतात, पिल्लं कवचातच मरतात. रक्त जवळ येतं. त्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदला, आणि तो दुसऱ्या गावचा आणा. त्याचा तुरा कसाही असू दे. ज्या कोंबडीने पिल्लं चांगली सांभाळली तिच्या पोटचा आहे का, एवढं विचारा.

तपकिरी अंड्याचं थोडक्यात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. आतल्या पोषणाचा त्याच्याशी संबंध नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबड्याही असतात. बलक गर्द होतो तो हिरवा पाला आणि मका खाऊन.

गिरिराजबद्दल मेसेजवाला अर्धवट बरोबर आहे, पण त्याने कारण चुकीचं दिलं. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने 1989 च्या सुमारास परसासाठीच तयार केली. स्वर्णधारा त्यानंतर 2005 मध्ये आली. ती इंजेक्शनने वाढत नाहीत, वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून आलेली आहेत. गिरिराज वर्षाला 130 ते 150 अंडी देते, स्वर्णधारा 180 च्या पुढे, असं विद्यापीठ सांगतं. आमची जवारी तीन-चार वेळा अंड्यावर येऊन साठ-सत्तर देते. हा फरक गरीब घरात लहान नाही.

पण गिरिराजचं अंग जड. कुत्रं आलं की जवारी भुर्रकन भिंतीवर, गिरिराज तिथेच. ती खुडूकही बसत नाही. आणि संकराची अंडी उबवून पुढची पिढी काढली तर ती आईसारखी निघत नाही, दरवेळी पिल्लं विकतच आणावी लागतात. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मीच पुढे पाठवलं असतं. आमच्याकडे बऱ्याच बायका दोन्ही ठेवतात. गिरिराज किंवा स्वर्णधारा विकायच्या अंड्यांसाठी आणि दोन-तीन जवारी पिल्लं काढण्यासाठी. जवारीखाली दहा-बारा अंडी, सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरून वांझ अंडी बाजूला, एकविसाव्या दिवशी किलबिल. ही आई ‘शुद्ध’ आहे का हे त्या पिल्लांनी कधी विचारलं नाही.

कडकनाथ ही काळ्या पिसांची, काळ्या मांसाची मोलाची जात आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती वर्षाला शंभरच्या आतबाहेर अंडी देते, क्वचितच खुडूक बसते, आणि तिची अंडी काळी नसतात, फिकट बदामी असतात. ‘काळी अंडी’ म्हणून कुणी विकत असेल तर तिथूनच मागे फिरा. शेजारच्या सांगली जिल्ह्यात 2019 साली कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. मेसेज पाठवणाऱ्यांनी ते इतक्या लवकर विसरू नये.

शेवटचा मुद्दा जिवावरचा आहे. शुद्ध असो, संकरित असो, मानमोडी म्हणजे राणीखेत रोग कुणालाच सोडत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या 23 कोंबड्यांपैकी 19 आठवड्यात गेल्या. सगळ्या जवारी. हिरवट-पांढरी हगवण, धाप, मग मान पिळवटून गोल गोल फिरणं. सकाळी खुराड्याचं दार उघडायला हात धजत नव्हता. लस दिली नव्हती, कारण तेव्हा मलाही वाटायचं, जवारीला काही होत नाही.

मानमोडीच्या लसी दोन: पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की आरटूबीचं टोचण. बाटली बर्फात आणायची, कालवली की दोन तासांत संपवायची. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात, म्हणून एकटीने आणून परवडत नाही. आम्ही आता गल्लीतल्या सात घरांनी तारीख ठरवून घेतली आहे. गुरांच्या दवाखान्यातून एक जण थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणतो आणि संध्याकाळी सगळ्यांची पिल्लं एका ओट्यावर येतात.

मावशीची कोंबडी मी तिच्याकडून मागून घेतली. दोन दिवसांनी मावशी आली, कोंबडी परत घेऊन गेली, आणि तिच्याखाली घालायला माझ्याकडची पाच अंडीही. तुमच्याकडे कुणी असल्या खुणा बघून खुडूक बसणारी कोंबडी काढायला निघालं असेल, तर बाजारात नेण्याआधी शेजारी एकदा विचारा. कुणाला तरी ती हवीच असते.