प्रतिक्रियेला उत्तर : प्रमाणपत्रांना वर्ड पुरत नाही का?

नमस्कार. वक्तृत्व स्पर्धेची प्रमाणपत्रं एक्सेलच्या यादीवरून लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत) कशी काढायची, या लेखावर तुम्ही विचारलंय : "वर्डच्या मेल मर्जमध्ये हे दहा मिनिटांत होतं. सदाशिव पेठेतल्या छोट्या संस्थेला हा खटाटोप कशाला? आणि उद्या तुम्ही नसाल तर कार्यकर्त्यांनी कोणाकडे बघायचं?" डीटीपीत मुरलेल्या माणसाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सभेची निमंत्रणं, पाकिटांवरचे पत्ते यांना मेल मर्जच (म्हणजे एकाच साच्यात यादीतली नावं आपोआप भरणं) बरं. (एक्सेलमधली तारीख तिथे बऱ्याचदा आधी महिना, मग दिवस अशी येते, तेवढं सांभाळा.)

प्रमाणपत्र मात्र फ्रेम करून भिंतीवर लागतं. त्यावर मुलाचं नाव चुकलं तर उरलं काय? कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आडनावं घ्या. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फॉर्ममधून, मेसेजमधून यादीत येताना तो जोडक कुठे गळला, की रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि 'कर्हाडे' छापून येतं. यात दोष वर्डचा नाही, आणि लाटेकही ते आपोआप सुधारत नाही. पण आडनावांत 'र्ह' शोधण्याचं काम मी स्क्रिप्टलाच, म्हणजे यादीवरून प्रमाणपत्रं काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाच, दिलंय. तो सापडला तर पीडीएफ तयारच होत नाही. बक्षीस समारंभाच्या आदल्या रात्री, सगळे घाईत असताना, ही अडवणूक मला हवी असते.

लांब नावांचंही तसंच. वर्डमध्ये नाव दुसऱ्या ओळीत गेलं की सह्या खाली सरकतात. माझ्या साच्यात नावाची रुंदी मोजली जाते आणि मावत नसेल तर तेवढंच नाव लहान होतं. फॉन्टात एखादं अक्षर नसेल तर झीलाटेक (लाटेकचा युनिकोड फॉन्ट वापरणारा प्रकार) एरवी नुसती सूचना नोंदवून पुढे जातं. 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' ही सेटिंग 3 वर ठेवली, की 2021 पासूनच्या टेक लाइव्हमध्ये (लाटेकच्या सॉफ्टवेअर-संचात) तिथे त्रुटी दाखवली जाते.

तुमचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. रोजच्या वापराला लाटेक यावं लागत नाही : यादी एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-8' या साध्या मजकुराच्या प्रकारात सेव्ह करायची (नुसतं सीएसव्ही निवडलं तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात) आणि स्क्रिप्ट चालवायची. पण साचा बदलायचा असेल, किंवा प्रायोजकाच्या नावात टक्क्याचं चिन्ह आलं (लाटेक त्यापुढची ओळ सोडूनच देतं), तर जाणकार लागतोच. असा माणूस संस्थेत नसेल तर वर्डच वापरा, फक्त 'र्ह' तपासून.

तुमच्याकडे जुन्या याद्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत, असतील. त्या युनिकोडमध्ये आणल्यावर नावं मूळ कागदाशी ताडून कोण बघतं, आणि किती वेळा? तुमची पद्धत इथे लिहिलीत तर लेखात ती भर घालेन.