फाशावर १५ पडले म्हणून विष निघत नाही

'खेळता खेळता सर्पज्ञान' नावाचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळातले साप खऱ्या सापांवर बेतलेले असल्यामुळे मुलं त्यातून विष उतरवायला शिकतात. वर दोरी आवळा, ब्लेडने चिरा, चोखून थुंका, वीस बाजूंच्या फाशावर १५ पडले की गडी वाचला. शिवाय विषारी साप क्षणात मारतो, अजगर हाडं मोडतो आणि मारलेली नागीण परत येते. हे वाचून आमच्या परभणीकडच्या भाच्याने शेतातल्या आखाड्यावर निघताना पिशवीत ब्लेड आणि सुतळी टाकली. आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मुळात दोरी-ब्लेडचा हा नियम खेळाच्या पुस्तकात नाहीच. कुण्या खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने, तो घरच्या घरी जोडलाय. आणि खऱ्या दंशात यातली प्रत्येक पायरी घातक आहे. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात त्याची तपासणी साधी असते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठणं बिघडलंय. अशा माणसाच्या पायावर ब्लेड मारलं तर ते रक्त थांबवणार कोण? आवळलेल्या दोरीने विष एकाच जागी साचून मांस सडतं आणि दोरी सोडताच ते एकदम अंगात पसरू शकतं. मण्यारीच्या दंशाला तर बहुतेक वेळा ना सूज ना वेदना. चिरणार कुठे? चोखण्याचं म्हणाल तर २००४ साली स्वयंसेवकांच्या पायात नकली विष टोचून खास पंपाने ओढून पाहिलं होतं. निघालं ०.०४ टक्के. तोंडाने काय निघणार?

जागतिक आरोग्य संघटनेची आग्नेय आशियासाठीची २०१६ ची मार्गदर्शिका चिरणं, चोखणं, करकचून बांधणं हे सगळं टाळायला सांगते. करायचं ते एवढंच: जोडवी, अंगठी, पैंजण आधी काढा. काठी लावून तो अवयव सैलसर बांधा, हलू देऊ नका. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. साप मारून सोबत नेऊ नका.

खेळात ५० सोन्याच्या नाण्यांना 'अँटीटॉक्सिन' मिळतं. ते प्यायलं की तासभर विषाविरुद्धचा फासा दोनदा टाकून चांगला आकडा घेता येतो. खरी प्रतिविष लस पीत नाहीत, ती शिरेतून देतात, तीही विषाची लक्षणं दिसल्यावर. आणि पोराला मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, कारण पोर लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही.

'क्षणात मारतो' हे खेळापुरतं खरं आहे. २०१४ च्या नियमांत सामान्य गावकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव टिकवणारे गुण, ४ असतात. साप चावला की १ जखमेचा जातो आणि विषाचे चार बाजूंचे दोन फासे पडतात. सेव्ह, म्हणजे तोच विषाविरुद्धचा फासा, चुकला की तो बहुतेक वेळा जागेवर आडवा. बाहेर मात्र मण्यारीची लक्षणं काही तासांनीही सुरू होतात, आणि त्या तासांतच माणूस वाचवता येतो. सेव्ह जमला तर खेळात विष निम्मंच लागतं. नाइलाजाने कबूल करतो, यात थोडं तथ्य आहे: विषारी साप कधी कधी विष न सोडताही चावतो. पण चावल्यावर लगेच ते ओळखता येत नाही, दवाखाना चुकत नाही.

अजगर हाडं मोडत नाही, वेटोळ्याच्या दाबाने रक्ताभिसरण थांबवतो. आणि मेल्यावर १ ते ६ दिवसांत जिवंत होणारी खेळातली 'नागा' हा काल्पनिक राक्षस आहे, बांधावरची नागीण नव्हे. सापांत जोडीदाराचा सूड वगैरे काही नसतं. शेतात एकमेकांना वेढे घालून उभ्या राहणाऱ्या दोन धामणी बहुतेक वेळा झुंजणारे दोन नर असतात.

डीएमला घरचा नियम करायचाच असेल तर मण्यारीचा करावा. चावल्यावर काहीच सांगू नका. खेळातल्या दोन तासांनी पापण्या जड करा, मग दर तासाला सेव्ह, लागणारा आकडा १० पासून दोन-दोनने चढता. चावलेला गडी चालत निघाला तर चारने चढवा, झोळीत घालून नेला तर दोननेच.